निराधार उमज

वैखरीच्या घराला शून्य मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा तिची आई प्राजक्ता मुसळे घरातच होती. घरात म्हणजे आठ यंत्रमागांच्या मधोमध. नांदणवाडीच्या कोष्टी गल्लीत घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक पडदा असतो, तोही सुताचे तंतू भाजीत पडू नयेत म्हणून. पडद्याच्या अलीकडे माग, पलीकडे गॅस, आणि दोन्हीकडे सारखाच खडखडाट.

पत्र फोनवर आलेलं, बोलकं होतं. सरकारी पत्रं अलीकडे बोलायची, लोकांना वाचायचा त्रास नको म्हणून. मागांच्या आवाजात ते काय बोललं ते कुणालाच कळलं नाही. त्यानं तीनदा सांगून पाहिलं आणि शेवटी 'पालकांनी ऐकून घेतले' अशी स्वतःच नोंद करून ते गप्प झालं. प्राजक्तानं फोन बाहेरच्या ओट्यावर नेऊन ते पुन्हा लावलं तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

"माननीय पालक, अभिनंदन. आपल्या पाल्याच्या अध्ययनात घराचा वाटा सलग दुसऱ्या महिन्यात शून्य टक्के आहे."

अभिनंदन सगळ्याच पत्रांत असायचं.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. बिचकू नका, नांदणवाडीत तिसरीच्या मुलांनाही ते माहीत आहे. घोकलेलं आणि समजलेलं यांत मेंदू फरक करतो. एखादी गोष्ट खरोखर डोक्यात शिरते तेव्हा, तोंडातून 'हां' निघण्याच्या एक तृतीयांश सेकंद आधी, उजव्या कानाच्या थोडं वर पेशींचा एक घोळका एकदम एका तालात झणझणतो. पूर्वी हे टिपायला इस्पितळातलं खोलीएवढं यंत्र लागायचं. मग एका शास्त्रज्ञानं ते साडीच्या फॉलइतक्या पातळ पट्टीत बसवलं, आणि ती पट्टी मुलांच्या डोक्याला बांधता येऊ लागली. एक झणझण म्हणजे एक उमज. नाव पडलं उमजपट्टी. मुलांच्या मानगुटीवरून परीक्षा उतरावी एवढीच त्या शास्त्रज्ञाची इच्छा होती. ती उतरली. शास्त्रज्ञ समाधानानं निवृत्त झाले आणि पट्टी शिक्षण खात्याच्या हाती आली.

खात्याला प्रश्न पडला: समजलं हे कळलं, पण श्रेय कुणाला? म्हणून पट्टीत मोहरीएवढा एक कान बसवण्यात आला. उमज झाली की तो मागच्या दहा सेकंदांत कुणाचा आवाज होता ते तपासायचा. शिक्षकाचा असेल तर ती उमज 'शाळा' या रकान्यात, आईबापाचा असेल तर 'घर' या रकान्यात. कुणाचाच नसेल तर तिसरा रकाना होता, 'निराधार'. पण कुणी न सांगता मुलाला काही समजेल हे खात्याला पटत नव्हतं. त्यामुळे निराधार म्हणजे यंत्राची चूक असं ठरवून तो रकाना बारीक करड्या अक्षरांत छापत आणि वजा करत. घराचा वाटा निदान तीस टक्के हवा. तीन महिने तो दहाच्या खाली राहिला, तर त्या घरात शिकण्याचं वातावरण नाही असं समजून मूल सत्तर किलोमीटरवरच्या आधारशाळेत जायचं, राहायलाच. त्याच्या भल्यासाठी.

गाव कामाला लागलं. शेजारच्या शुभांगीवहिनी कुकरच्या शिट्ट्यांवर व्याख्यान देऊ लागल्या. काहींना शोध लागला की विनोद कळला तरी पट्टी झणझणते, त्या घरांत बाप जेवताना गंभीर चेहऱ्यानं विनोद सांगू लागले. हुशार घरांनी मुलांना बजावलं, शाळेत समजलं तरी समजू द्यायचं नाही, घरी येऊन पप्पांसमोर समजून घ्यायचं. शाळेत मास्तर विनवण्या करत, "इथंच समजून घे की रे बाळा, कशाला घरी नेतोस?"

प्राजक्ताच्या घरी मात्र कुणी बोलायचंच नाही.

कोष्टी गल्लीत लग्न होऊन आलेली सून स्वयंपाकाच्या आधी हात शिकते. आठ माग चालू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून चार पिढ्यांनी मिळून हातांची एक बोली केली आहे. मनगट गोल फिरवलं की सुताची कांडी संपत आली. कपाळाला मूठ लावली की शेठ आला. अंगठा हनुवटीला टेकवला की सासूबाई, पुढचं भुवया सांगतात. आणि दोन बोटांची कात्री हवेत मिटली की धागा तुटला, माग थांबव. आकडे बोटांच्या पेरांवर. अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजली की बारा होतात. उजव्या हाताची बारा भरली की डाव्या हाताचं एक पेर. दोन हातांत एकशे चव्वेचाळीसपर्यंत हिशोब बसतो, आणि तोंड विडा चघळायला मोकळं राहतं.

वैखरी या बोलीत जन्मली. नाव अंगणवाडीच्या ताईंनी सुचवलेलं. वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडणारी वाणी, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं. वैखरी घरात दिवसाकाठी सहा-सात शब्द बोलायची, त्यातले चार 'भूक लागली' दोनदा म्हणण्यात जायचे. हात मात्र अखंड चालू. कानांत कापसाचे बोळे, डोक्याला पट्टी, समोर आई.

पत्र ऐकून प्राजक्ता आत आली आणि तिनं नवऱ्याला हातांनी सगळं सांगितलं. तुषार जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्याच्या कानांनी पस्तिशीतच राजीनामा दिला होता. त्यानं पाना खाली ठेवला.

"जाऊ दे की तिला," त्याचे हात म्हणाले. "तिथं शांत हाय. पुस्तकं हायत. पोहायला तळं हाय. माझे कान गेले. तिचे तरी राहू देत."

प्राजक्तानं मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा थांबवला, त्यातली कांडी बदलली.

"ती आठ वर्षांची हाय," तिचे हात म्हणाले. "तिच्याशी हातानं कोण बोलणार तिथं?"

"मग वाटा वाढव. शुभांगीवहिनींच्या आरुषचा बहात्तर हाय."

दुसऱ्या दिवसापासून प्राजक्तानं रोज पाच ते सहा सगळे माग बंद ठेवायला सुरुवात केली. त्या गल्लीत पाच वाजता माग बंद म्हणजे कुणीतरी गेलं असणार. पहिल्या दिवशी चार बायका पदर सावरत बघायला आल्या. त्यांना चहा देऊन परत पाठवल्यावर प्राजक्तानं खात्याची 'सुसंवाद पुस्तिका' उघडली आणि मुलीला समोर बसवलं.

"बाळा," तिनं वाचलं, "आज तू सभोवतालच्या परिसरात कोणकोणती निरीक्षणं केलीस?"

वैखरीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "मम्मी, तुला बरं नाही का?"

"बरं हाय. उत्तर दे."

"कुणाला?"

असा तास रोज चालला. प्राजक्ता भिंगातून दिसणाऱ्या मुंगीबद्दल बोलली, पाण्याच्या तीन अवस्थांबद्दल बोलली. वैखरी शहाण्या मुलीसारखी मान हलवत राहिली आणि दाराबाहेर बघत राहिली. सहाला माग सुरू झाले की दोघींचाही जीव भांड्यात पडायचा. तीन आठवडे झाले. फोनवर 'घर' या शब्दापुढं तेच गोल, गुळगुळीत शून्य.

मग ती शाळेत गेली. तिसरीच्या वर्गशिक्षिका तांबोळीबाई. बारीक चणीच्या, मोठ्या चष्म्याच्या, आणि खात्याची परिपत्रकं जेवणाचा डबा ठेवायला अंथरणाऱ्या. त्यांनी प्राजक्ताला बाकावर बसवलं आणि वैखरीचा सगळा तक्ता उघडला.

"हे बघा. या महिन्याच्या उमजा एकूण सहाशे चौदा. शाळा एकशे दोन. घर शून्य."

"मग बाकीच्या?"

बाईंनी करड्या अक्षरांवर बोट ठेवलं. "पाचशे बारा निराधार. वजा होतात."

"कुठं जातात वजा होऊन?"

"तेच मीही विचारलं होतं. उत्तर आलं, अभिनंदन." बाईंनी चष्मा पुसला. "आता वेळा बघा. सकाळी आठाच्या आत काही आहेत. मग संध्याकाळी चार ते पाच, भरपूर. सहा ते आठ, त्याहून भरपूर. आणि रोज पाच ते सहा या तासात एकसुद्धा नाही. बरोबर तेवढा तास कोरा. तेव्हा काय करता तुम्ही?"

"तिला शिकवते," प्राजक्ता म्हणाली.

तांबोळीबाई आधी खिडकीबाहेर बघत बसल्या, मग त्यांना राहवेना. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राजक्ताला आधी राग आला, मग तिलाही हसू आलं, आणि मग दोघी एकदमच हसायच्या थांबल्या. माग चालू असताना मुलगी फुलत होती. बंद करून समोर बसवलं की मिटत होती. आणि तीन आठवडे आपणच रोज एक तास ते बटण बंद करत होतो, हे प्राजक्ताला पट्टीशिवायच उमजलं.

"अजून एक सांगते," बाई म्हणाल्या. "माझ्या सगळ्या वर्गाचे निराधार वाढलेत. मी फळ्याकडे तोंड केलं की मागं हात चालू होतात. आधी मला वाटलं डास झालेत. तुमच्या पोरीनं चाळीस जणांना शिकवलंय सगळं. आता ज्याला गणित येतं तो ते बाकाखालून दुसऱ्याला सांगतो. मला पत्ताही लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना येत असतं."

"मग तुमचा वाटा कमी होत असेल की."

"होतोय ना. नोटीस आलीय." बाईंनी डब्याखालचा कागद दाखवला.

त्याच दिवशी दोघींनी मिळून अर्ज लिहिला. पालकाची तक्रार असेल तर अधिकाऱ्यानं घरी येऊन दहा मिनिटांची प्रत्यक्ष पडताळणी करायची, असा एक नियम होता. तो आजवर कुणी वापरला नव्हता, त्यामुळे तो रद्द करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मापन अधिकारी देवस्थळे मंगळवारी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पाटीएवढं यंत्र, चेहरा रोज तीन गावांत नको असलेलं बोलून थकलेल्या माणसाचा. आत पाऊल टाकताच त्यांनी दोन्ही कान दाबले. तुषारनं त्यांना अदबीनं कापूस दिला.

प्राजक्तानं वैखरीसमोर दोन कांड्या धरल्या. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी. एक भरलेली, दुसरी निम्मी बारीक झालेली. तिनं विचारलं, भरलेल्या कांडीवर माग पाच मिनिटं चालतो, तर ही निम्म्या जाडीची किती चालेल? वैखरीनं झटकन अडीच दाखवलं. प्राजक्तानं कांडी धोट्यात बसवून माग सुरू केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सव्वा मिनिट होत आलं आणि वैखरीचं मनगट गोल फिरू लागलं. कांडी संपली. मुलीनं रिकामी कांडी बोटांत फिरवली. भरलेल्या कांडीवर बोटानं वेढे मारून पाहिले. बाहेरचा वेढा मोठा, आतला लहान. तिचे डोळे मोठे झाले. तिनं आईला हातांनी काहीतरी भराभर विचारलं, आईनं उलट विचारलं, आणि देवस्थळेंच्या यंत्रावर एकापाठोपाठ एक ठिणग्या पडू लागल्या.

दहा मिनिटांनी ते ओट्यावर येऊन बसले. कापूस काढायचं त्यांना भान नव्हतं.

"सतरा," ते म्हणाले. "दहा मिनिटांत सतरा. मी एवढ्या माझ्या नोकरीत बघितल्या नाहीत."

"मग झालं तर."

"पण सगळ्या निराधार. आवाज कुणाचाच नाही."

"मी समोर उभी होते. तुम्ही बघत होता की."

"मी बघत होतो. यंत्र ऐकत होतं. माझं बघणं लिहायला अहवालात रकाना नाही." त्यांनी कापूस काढून मुठीत धरला. "हात चालवताना तुम्ही तोंडानं बोललात असतात तर—"

"कुणाला ऐकू गेलं असतं?"

"यंत्राला. गाळून घेतं ते."

"आणि पोरीला?"

देवस्थळे मुठीतला कापूस पिंजू लागले.

"मी बोलायला लागले की ती हात बघायची थांबती," प्राजक्ता म्हणाली. "तीन आठवडे करून बघितलंय. यंत्राला शिकवायचं का पोरीला, एवढंच सांगा."

"ताई, नियम मी केलेला नाही."

"मी पण न्हाई केला. दोघांचाही न्हाई, तर पाळतोय कशाला?"

त्यांनी तिच्याकडे क्षणभर असं पाहिलं की जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते बरीच वर्षं थांबले होते. मग पिशवीतून कागद काढला. "शनिवारी उपलब्धी दिन आहे. तेव्हा तिसरा महिना भरतो. हे संमतीपत्र. सही केलीत तर मुलीला खिडकीजवळची खोली मिळेल. नाही केलीत तर अहवालावरून आदेश निघेल, मग जी मिळेल ती."

कागद तिनं घेतला. घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. शनिवारपर्यंत तो तिथंच टोचत राहिला.

उपलब्धी दिन म्हणजे पूर्वीचं वार्षिक स्नेहसंमेलन, नाच-गाणी वजा जाता जे उरतं ते. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर मोठा पडदा, पडद्यावर तीन रकाने. मंचावर तिसरीची एक्केचाळीस मुलं पट्ट्या बांधून, मांडी घालून. पालक खाली सतरंजीवर. कोष्टी गल्ली झाडून आली होती, त्यामुळे गावात कधी नव्हे ती शांतता होती.

मुख्याध्यापक गुरवसरांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. वरून आलं की खाली द्यायचं, एवढ्या एका तत्त्वावर त्यांनी पस्तीस वर्षं निभावली होती. मुलांपुढं आदर्श म्हणून तेही दर उपलब्धी दिनाला टकलावर पट्टी बांधून बसत. चार वर्षांत त्यांची उमज एकदाही नोंदली गेली नव्हती, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

आरुषचं नाव आलं, घर बहात्तर. टाळ्या. शुभांगीवहिनींनी नथ सावरली. मग सरांनी पुढचा कागद उचलला.

"वैखरी तुषार मुसळे. शाळा एकशे तीस. घर..." त्यांनी चष्मा वर केला. "घर शून्य. नियमानुसार सदर विद्यार्थिनी—"

"सर, एक विचारायचं हाय."

प्राजक्ता उठून उभी होती. मागावरून तशीच आली होती, हात कोपरापर्यंत तेलकट.

"शेवटी विचारा, मुसळेबाई."

"शेवटी ती गेलेली असंल. निराधार सहाशे वीस हायत. त्या कुणाच्या?"

गुरवसरांनी देवस्थळेंकडे पाहिलं. देवस्थळे मंचाच्या कडेला उभे होते. "त्या यंत्राच्या चुका धरल्या जातात," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना आवडला नसावा, वाक्याच्या शेवटाला तो खाली गेला.

"एका पोरीच्या डोक्यात महिन्याला सहाशे वीस चुका?"

"माझ्या वर्गाच्या मिळून चार हजार आहेत," तांबोळीबाई मंचावरून म्हणाल्या. विचारलं नव्हतं त्यांना कुणी.

"पट्ट्या सदोष असतील. बदलून देऊ."

"बदला. पण आधी या चालतात का ते बघू," प्राजक्ता म्हणाली, आणि तिनं बोलणं थांबवलं.

तिचे हात वर गेले. कोष्टी गल्लीतल्या प्रत्येकाला कळेल असा साधा प्रश्न होता. एका मागाला तासाला बारा कांड्या लागतात. आठ माग आहेत. त्यांतला एक मध्येच अर्धा तास बंद पडला. तर तासाभरात कांड्या किती? आणि उजवा हात मागावर अडकलाय असं समजून उत्तर नुसत्या डाव्या हातावर दाखवायचं.

एक्केचाळीस अंगठे हलू लागले. आठ मागांचं सगळ्यांना येत होतं, डाव्या हाताची आठ पेरं. अनामिकेच्या मधल्या पेरावर येऊन सगळे अंगठे अडले. अर्ध्या तासाच्या सहा कमी करायच्या. पण डाव्या हाताच्या एका पेरात बारा बसतात. सहा कुठं दाखवायच्या? अर्धं पेर असतं का? वैखरीनं कपाळाला आठ्या घातल्या. तिलाही येत नव्हतं. आईनं हे कधी विचारलंच नव्हतं.

मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. गल्लीतले बाप्ये नकळत आपापल्या बोटांवर मोजू लागले होते.

मंचाच्या टोकाला बसलेल्या आरुषचा अंगठा मागंपुढं घसरत होता, सातवं पेर, आठवं पेर, सातवं, आणि मध्येच थांबला. दोन पेरांच्या मध्ये बोट दुमडतं तिथली जी रेघ असते, तिच्यावर. रेघ. सात आणि अर्धं. त्यानं हात वर केला.

पडद्यावर 'निराधार' खाली एक आकडा उमटला. १.

"अगंबाई, माझ्या नावावर न्हाई पडली," शुभांगीवहिनी पुटपुटल्या.

वैखरीनं आरुषचा हात पाहिला, आणि तिचा चेहरा उजळला. ४. तिनं तो हात शेजारणीला दाखवला, शेजारणीनं मागच्या रांगेला. १९. कुणी काही बोललं नाही. एकेक अंगठा अनामिकेच्या रेघेवर चढत गेला. ३३. ४०. ४१. प्रत्येक दुमडीवर अर्धं लपलेलं आहे, आपल्या स्वतःच्या बोटांत, हे जन्मापासून कुणी सांगितलं नव्हतं, याचा आनंद त्या पोरांच्या तोंडावर मावत नव्हता.

मग आकडा ४२ झाला.

मुलं एक्केचाळीस होती. देवस्थळेंनी यंत्र तपासलं. मग सगळ्यांच्या माना हळूहळू गुरवसरांकडे वळल्या. सर डाव्या हाताची अनामिका डोळ्यांजवळ धरून बसले होते, अंगठा रेघेवर, तोंड किंचित उघडं.

"नव्वद," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे.

"प्रक्षेपण बंद करा," देवस्थळे म्हणाले. "ही गोष्ट कार्यक्रमात नाही."

पडद्याचं यंत्र चालवणाऱ्या माणसानं गुरवसरांकडे पाहिलं. गुरवसर अजून बोटाकडेच बघत होते.

"सही द्या आणि बसा, मुसळेबाई," देवस्थळे जरा वैतागून म्हणाले. "मी आदेश थांबवू शकत नाही. अहवाल पट्ट्यांवरून आपोआप निघतो."

प्राजक्तानं संमतीपत्र काढलं. मंचाच्या कडेवर पसरलं. कागदावर नाव, गाव, घर, शाळा, सगळ्याला रकाने होते, हाताला नव्हता. तिनं तेलाचा काळा पंजा पाची बोटं फाकवून सगळ्या रकान्यांवर एकदम दाबला आणि उचलला.

"ही माझी सही. न्हाई म्हणून केलीय. वाचता येत नसंल तर पोरांना विचारा."

मग तिनं वैखरीकडे पाहिलं. गर्दीत तुषार उभा राहिला होता. त्यानं लांबूनच मान हलवली. प्राजक्तानं उजवा हात उंच धरला आणि दोन बोटांची कात्री हवेत मिटली.

धागा तुटला. माग थांबव.

मागावर ही खूण दिसली की गल्लीतलं पोर विचार करत नाही, हात आपोआप जातो. वैखरीनं डोक्याची पट्टी काढून समोर ठेवली. आरुषनं काढली. शुभांगीवहिनी अर्धवट उठल्या, बहात्तर टक्क्यांकडे एकदा पाहिलं, आणि परत बसल्या. "काढ बाबा," त्या म्हणाल्या, "घाम पण येतोय त्यानं." रांगेमागून रांग, पट्ट्या निघाल्या. शेवटी टकलावरून एक निघाली. पडदा क्षणभर गडबडला. आकडे एकेक करून विझले. मग मोठ्या, सुबक अक्षरांत आलं:

एकही विद्यार्थी आढळला नाही.

त्याच्या खाली एक्केचाळीस मुलं मांडी घालून बसली होती.

"याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?" देवस्थळे गुरवसरांजवळ येऊन हळूच म्हणाले. "विद्यार्थी नाहीत म्हणजे शाळा बंद होऊ शकते, सर. तुमचे चार महिने राहिलेत."

"बंद करायला यावं लागेल ना कुणाला तरी," गुरवसर म्हणाले. "आलं की त्यांना मुलं दिसतील." मग त्यांनी तांबोळीबाईंकडे खडू मागितला. पडद्याशेजारी जुना फळा होता, सजावटीसाठी ठेवलेला, त्यावर फुलं काढली होती. सरांनी डस्टरनं फुलं पुसली आणि पटावरची नावं एकेक करून पुकारली. प्रत्येक नावाला एक 'हजर' आलं. वैखरीनं नुसता हात वर केला. सरांनी तोही हजेरीत धरला. फळ्यावर लिहिलं: पट ४१, हजर ४१.

देवस्थळेंनी तो फळा बराच वेळ वाचला. जाताना त्यांनी पंजाचा कागद घडी न घालता नेला, तेल पुसलं जाऊ नये म्हणून.

आदेश निघाला, तो वरच्या कचेरीत गेला, आणि महिन्याभरानं पत्र आलं. पट्ट्या तोवर गुरवसरांच्या कपाटात होत्या, किल्ली सरांकडे, आणि किल्ली कुठे ठेवली ते सर विसरले होते. पत्र बोलकंच होतं. माननीय पालक, अभिनंदन, ते म्हणालं. सदर शाळेत एकही विद्यार्थी आढळत नसल्याने आपल्या पाल्याचे स्थलांतर करता येत नाही.

पत्रानं हे तीनदा सांगितलं. प्राजक्ता ऐकायला ओट्यावर गेली नाही. चार नंबरच्या मागावर धागा तुटला होता, आणि वैखरी पलीकडून दोन बोटांची कात्री दाखवत होती.